एका अच्युतचे तीन अर्ज

रविवारी सकाळी कचेरीतला माणूस घरी येतो तेव्हा एक तर तो पेढे घेऊन येतो, नाही तर भानगड. रघुवीरजी व्यासांच्या हातात पेढे नव्हते. काखेत जाड कागदाची एक फाइल होती आणि चेहरा असा की, आता हसू की ओरडू हे त्यांचं त्यांनाच ठरलेलं नव्हतं.

नंदलालपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत रविवारी सगळं दप्तरदार कुटुंब हजर असायचं. नाना खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते, सासूबाई दिवाळीच्या अनारशांचे तांदूळ निवडत होत्या, बंडू पोह्यांची दुसरी बशी संपवत होता. अच्युत कोपऱ्यात काहीतरी लिहीत होता, म्हणजे नेहमीसारखा तो असून नव्हता. यशोधरा चहाचं आधण ठेवून, सहा वर्षांच्या लेकीला, कुमूला, बाहेर खेळायला पिटाळून दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या, म्हणजे अच्युतच्या, कचेरीचे सुपरिंटेंडेंट घरी आले म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, हे तिला कळत होतं.

"दप्तरदार साहेब," रघुवीरजी खुर्चीवर बसून नानांना म्हणाले, "माफ करा, इतवारचा आलो. पर एक गोष्ट विचारायची होती. आपल्या घरात अच्युत कितने आहेत?"

रघुवीरजींची मराठी होळकरांच्या कचेरीत शिकलेली. सुरुवात मराठीत व्हायची आणि रस्त्यात कुठेतरी हिंदी तिला हात धरून आपल्या घरी न्यायची.

"कितने म्हणजे? एकच," नाना म्हणाले. "आणि एकच पुरे आहे."

"मग हे बघा." रघुवीरजींनी फाइल उघडून तीन कागद ओळीने मांडले. "अच्युत लक्ष्मीकांत दप्तरदार, अनुवादक, हंगामी. पसंतीचं ठिकाण, इंदूर. हेच अच्युत लक्ष्मीकांत दप्तरदार. पसंतीचं ठिकाण, भोपाळ. और ये भी वही. पसंतीचं ठिकाण, ग्वाल्हेर. तिन्हीवर सही. आता मी ऊपर काय पाठवू? की ह्या माणसाचे तीन तुकडे करा म्हणून?"

बंडूचा घास तोंडातच राहिला.

आता हे पसंतीचं प्रकरण त्या महिन्यात इंदुरात घरोघरी शिजत होतं. छप्पन्न सालच्या एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य मोडणार, नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. आठ वर्षांपूर्वी होळकरांचं राज्य गेलं तेव्हा लोक म्हणाले, चला, झालं एकदाचं. मग राजधानी वर्षातले साडेसहा महिने ग्वाल्हेर आणि साडेपाच महिने इंदूर अशी हिंडू लागली. त्याची सवय होते न होते तोच हे. सरकारने प्रत्येक नोकरदाराला छापील अर्ज दिला होता. आधीच्या नोकऱ्या तारखांसह लिहा, पसंतीचं ठिकाण लिहा, सही करा. एका माणसाने एक अर्ज भरायचा, इतकं सोपं काम. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे कागद लिहिण्यात हयात घालवलेल्या घराला ते सोपं कसं वाटावं?

"इंदूरचा मी भरला," नाना शांतपणे म्हणाले. "हा कधी वेळेवर भरणार? अक्षर माझं आहे, बघा."

"आणि सही?"

"सहीसुद्धा."

"नाना!" अच्युतने पहिल्यांदाच मान वर केली.

"ओरडू नकोस. बापाने मुलाची सही केली तर काय आभाळ कोसळलं? तुझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी माझी करत होतो, आता तुझी केली."

"भोपाळचा माझ्यामुळे," सासूबाई तांदळातून हात न काढता म्हणाल्या. "मीच बंडूला म्हटलं, अर्ज आण आणि भर. तिकडे जाणाऱ्यांना कायम करतायत, क्वार्टर देतायत, असं सगळ्या आळीत बोलतात. माझ्या मुलाने जन्मभर हंगामीच राहायचं का?"

"पण भिया, सही तर तूच केली ना!" बंडू थोरल्या भावाकडे वळला. "मी कागद समोर धरला, तू लिहिता लिहिता करून टाकली. वाचलं पण नाही."

अच्युतने ते नाकारलं नाही. त्याच्यासमोर उद्या कुणी घराचं विक्रीपत्र धरलं असतं तरी त्याने सही केली असती.

"आणि ग्वाल्हेर?" यशोधराने दारातून विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

अच्युत गोंधळून तिच्याकडे पाहत राहिला. "ते मी भरलं. कचेरीत सगळे म्हणत होते, जे मागाल ते मिळणार नाही. मग म्हटलं, ग्वाल्हेर मागू. म्हणजे ते मिळणार नाही. म्हणजे मग…"

"म्हणजे मग काय मिळेल?"

"तेच मला नीट कळलं नाही," तो म्हणाला.

यशोधराला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिचा जीव या तीन कागदांत असा अडकला होता की, कुणाला सांगायची सोय नव्हती. चारच दिवसांपूर्वी ती तुकोगंजातल्या मुलींच्या शाळेत जाऊन आली होती. तिथल्या मुख्याध्यापिका शशिकलाबाई तिच्या माहेरच्या ओळखीच्या. खालच्या वर्गांना एक शिक्षिका हवी होती. त्यांनी तासभर तिला वर्गात उभं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तूच हवीस. पण शिकवल्याचा लेखी दाखला आण, आणि सोमवारपर्यंत सांग. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. मध्येच नवऱ्याबरोबर गाव सोडून जाणार असशील तर आत्ताच नाही म्हण." सोमवार म्हणजे उद्या. आणि आज हे तीन अच्युत समोर बसले होते.

तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार होतं? आठ वर्षांत सहा बिऱ्हाडं झाली होती. देवास, खंडवा, मंदसौर, उज्जैन, नागपूर, आता हे इंदूर. लोक गावं देवळांवरून ओळखतात, ती चुलींवरून ओळखायची. देवासची धूर ओकणारी, खंडव्याची कलती, उज्जैनची दोन भाडेकरूंत एक. नवरा लेखक आहे, लेखकाला चार ठिकाणचं पाणी प्यावं लागतं, असं तिला लग्नात कुणीतरी कौतुकाने सांगितलं होतं. ते पाणी भरायचं कुणी, हे सांगितलं नव्हतं.

"आज दुपारी यादी घेऊन माणूस गाडीने ग्वाल्हेरला जातो आहे," रघुवीरजी म्हणाले. "हे माझ्या वरच्यांनी पाहिलं असतं तर अच्युतजींची छुट्टीच. म्हणून मी उचलून आणले. कोरा अर्ज आणला आहे. अभी के अभी एक भरा, बाकीचे फाडा. सोचा मत."

विचार करू नका म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम विचार सुरू केला.

"भोपाळ," सासूबाई म्हणाल्या. "यात काय बोलायचं?"

"माताजी, क्वार्टरची उम्मीद धरू नका," रघुवीरजींनी खालच्या आवाजात सांगितलं. "माझा साडू तिकडे बघून आला. अजून भिंती उठल्या नाहीत. एका खोलीत आठ आठ बाबू झोपायची तयारी चालू आहे."

"अगंबाई! मग नको. इंदूरच बरं. हे म्हणतात तेच बरं." सासूबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याची बाजू घेतली असावी.

पण नानांना ती बाजू सोसवली नाही. "इथे राहिला तर कायम होईल ना?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू? इथली कचेरी आधी होईल छोटी. हंगामी लोकांची छाटणी इथेच जास्त."

"मग भोपाळ!" नानांनी वर्तमानपत्र बाजूला टाकलं. "अरे, छाटणीत जाण्यापेक्षा आठजणांत झोपलेला काय वाईट? देवासला काय महालात राहत होता?"

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही इंदूर म्हणत होता!"

"तू आत्ताच भोपाळ म्हणत होतीस."

बंडूने बशी खाली ठेवली. मिलमध्ये तो टाइमकीपर होता आणि घरातल्या भांडणातही कोण कधी आत आलं, कोण बाहेर गेलं, याची नोंद ठेवायची त्याला हौस होती. "थांबा, म्हणजे आता नाना भोपाळ आणि आई इंदूर? मग माझं ऐका, ग्वाल्हेरच ठीक आहे. कुणाचंच नको, भांडणच नको."

"तू गप्प बस," दोघंही एकदम म्हणाले, आणि निदान तेवढ्यावर त्यांचं एकमत झालं.

यशोधरा चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर आईकडून वडिलांकडे आणि परत फिरत होती, जणू हे सगळं दुसऱ्या कुणा माणसाबद्दल चाललं होतं आणि तो कसा निघेल ते बघायची त्यालाही उत्सुकता होती. तिला त्याचा संताप आला. एकदा, एकदा तरी या माणसाने म्हणावं की मला इथे राहायचंय, नाही तर मला इथून जायचंय. त्याने काहीही म्हटलं असतं तरी तिला भांडता आलं असतं. न बोलणाऱ्याशी भांडायचं कसं?

"ठिकाण नंतर," रघुवीरजी म्हणाले. "पहिले आधीच्या नोकऱ्या. तिन्ही अर्जांत तीन कहाण्या आहेत. नानासाहेबांच्या अर्जात तर अच्युतजी एक दिवसही रिकामे नाहीत. शेहेचाळीसपासून आजपर्यंत सलग कामावर."

नाना खिडकीबाहेर बघू लागले.

"बंडूभियांच्या अर्जात खंडव्याला हे छापखान्याचे व्यवस्थापक."

"मुद्रितशोधक," अच्युत म्हणाला. "व्यवस्थापक मालकाचा मेहुणा होता."

"तर एकेक सांगा. मी लिहितो."

अच्युत सांगू लागला आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळला. होळकरांच्या हुजूर दप्तरात मोडीचा नकलनवीस, तिथवर नानांनीच तारखा पुरवल्या. पण देवासची शाळा कधी सोडली? खंडव्याला उन्हाळा होता की पाऊस? त्याने नेहमीच्या सवयीने बायकोकडे पाहिलं.

"देवास एकोणपन्नासच्या मेमध्ये सोडलं," यशोधरा म्हणाली. "मोरंबा घातला होता, बरणी तिथेच शेजारणीला देऊन आलो. खंडवा त्या जूनपासून. कुमू तिथेच झाली, पन्नासच्या माघात. ती वर्षाची झाली तेव्हा निघालो."

"वा भाभीजी! आपणच लिहायला पाहिजे होता अर्ज." रघुवीरजींची लेखणी भराभर चालू लागली. "पुढे मंदसौर."

"मंदसौरला शाळेत तीन महिने," अच्युत म्हणाला. "सेक्रेटरीच्या पुतण्याचे गुण वाढवायला सांगितले, मी नाही म्हटलं."

"ते नका लिहू," नाना घाईने म्हणाले.

"नाही लिहीत. त्यानंतर?" रघुवीरजींनी अच्युतच्या स्वतःच्या अर्जावर बोट ठेवलं. "इथे आपण लिहिलं आहे, मंदसौर, खाजगी शिकवणी, अकरा महिने. ही तिन्ही अर्जांत एकसारखी आहे, भगवान की दया. फक्त इसका दाखला जोडावा लागेल. असली, नक्कल नाही."

"आहे," अच्युत म्हणाला. "एका शेठजींचा आहे. अगं, तो कुठे ठेवलाय गं?"

यशोधराचे हात थांबले. दाखला तिच्या ट्रंकेत होता, शालूच्या घडीत. चार दिवसांपूर्वीच तिने तो काढून पाहिला होता. ती आत गेली, कागद घेऊन आली आणि तो रघुवीरजींच्या हातात दिला.

त्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, आमच्या व शेजारच्या चार घरांतील मुलींना अकरा महिने लिहिणे, वाचणे, गणित शिकवून त्यांतील दोघींना मिडलच्या परीक्षेत उत्तीर्ण करविले, श्रीमती…" रघुवीरजी थांबले. चष्मा पुसला. "श्रीमती यशोधरा अच्युत दप्तरदार."

सासूबाईंचे तांदूळ निवडणारे हात थांबले.

"हे काय?" नाना म्हणाले.

"मी…" अच्युत उठून आला. कागद वाचला, पुन्हा वाचला. त्याचा चेहरा इतका प्रामाणिकपणे गोंधळला होता की, यशोधराला रागावणंसुद्धा कठीण झालं. "पण मी पण शिकवत होतो ना? मला आठवतंय. ती माळवदाची खोली, त्या मुली, गंगूबाई नावाची एक थोराड मुलगी, तिला भूमिती येत नव्हती. मी शिकवलीय तिला."

"दोन दुपारी," यशोधरा म्हणाली. "मला ताप होता तेव्हा."

"दोनच?"

"दोनच. बाकी तुम्ही आतल्या खोलीत कादंबरी लिहीत होता."

ती कादंबरी घरातल्या सगळ्यांना माहीत होती. तिच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या, एक नानांनी काचेच्या कपाटात ठेवली होती आणि ती ते आल्यागेल्याला दाखवायचे. ती लिहिली जात असताना चूल कशावर पेटत होती, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि लिहिणाऱ्याने तर ते अकरा महिने इतक्यांदा मनात लिहून काढले होते की, शिकवणारा माणूसही तोच झाला होता.

"बरं, असू दे," सासूबाई सावरून म्हणाल्या. "नवरा-बायकोचं काय वेगळं असतं? तिने शिकवलं काय, त्याने शिकवलं काय. जोडा तो कागद."

"नाव तेवढं बदलून नक्कल करू," बंडू म्हणाला. "नाना करतीलच झकास. असली हरवली म्हणायचं."

"खबरदार!" नाना कडाडले. "तीस वर्षं दप्तर सांभाळलंय मी. कागदात फेरफार करणाऱ्याला दारात उभं केलं नाही." मग त्यांची नजर समोरच्या टेबलावर, इंदूरच्या अर्जाखालच्या हुबेहूब सहीवर गेली आणि त्यांचा आवाज जरा खाली आला.

रघुवीरजींनी दाखला अर्जाला लावायला टाचणी काढली. ती टाचणी पाहिली आणि यशोधरा पुढे झाली. एकदा तो कागद त्या फाइलीत गेला की, ग्वाल्हेरला गेला, मग भोपाळला गेला आणि मग कुठल्या कपाटात गेला ते देवालाही सापडणार नव्हतं.

"टाचू नका," ती म्हणाली. आवाज चढला होता, तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तो कागद माझा आहे. मला उद्या लागतोय."

"तुला? कशाला?"

"तुकोगंजच्या मुलींच्या शाळेत. शशिकलाबाईंनी मला घेतलंय. दिवाळीनंतर जायचंय."

आता मात्र गलका झाला. नाना म्हणाले, दप्तरदारांच्या सुना नोकऱ्या करत नाहीत. बंडू म्हणाला, वहिनी, वा! आणि आईची नजर पाहून गप्प झाला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "कुणाला विचारून अर्ज केलास?"

"कुणालाच नाही," यशोधरा म्हणाली. "या घरात विचारून कुणी अर्ज केलाय?"

रघुवीरजींना खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. मग त्यांनी टाचणी परत डबीत टाकली आणि दाखला दोन्ही हातांनी तिच्याकडे दिला.

"ठीक आहे, भाभीजी. पण मग या अकरा महिन्यांचं काय लिहू? कोरं ठेवलं तर विचारतील. और खंड दाखवला तर आधीची सेवा गिनतीत धरणार नाहीत. होळकरांची, देवासची, सगळी गेली."

सगळे अच्युतकडे पाहू लागले. तो अजून उभाच होता. बायकोच्या हातातल्या कागदाकडे पाहत होता.

"लिहा," तो हळू म्हणाला. "घरी होतो. लिहीत होतो. बायकोने शिकवण्या करून घर चालवलं."

"अच्युत!" नाना म्हणाले. "असं सरकारी कागदावर?"

"मग कुठल्या कागदावर लिहू, नाना? इतकी पानं लिहिली, त्यात कुठेच नाही लिहिलं मी." त्याने काचेच्या कपाटातल्या कादंबरीकडे हात केला. "आणि वर विसरलो. काय म्हणावं या माणसाला?"

यशोधराला भरून आलं. आठ वर्षांत तिने या एका वाक्याची वाट पाहिली होती का? तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. तिला वाटलं, आत्ता याच्याजवळ जावं. आणि त्याचबरोबर वाटलं, जवळ गेले की मी पुन्हा ट्रंक बांधायला घेईन. ती जागची हलली नाही.

रघुवीरजींनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. उज्जैनचा जकात नाका, नागपूरचं साप्ताहिक, इंदूरची अनुवादकी, बाकीच्या तारखा यशोधराने सांगितल्या. आता एकच रकाना उरला.

"पसंतीचं ठिकाण?"

"इंदूर लिहू?" अच्युतने तिला विचारलं. डोळे ओले होते. "तू आहेस ना इथे. की भोपाळ लिहू? तिकडे कायम झालो तर तुला नोकरीची गरजच नाही. की असं करू…"

"मी इंदूरला आहे," यशोधरा म्हणाली. "कुमू माझ्याजवळ. सरकार तुम्हाला कुठेही पाठवो, मी इथेच आहे. तेवढं धरून तुम्ही तुमचं ठरवा."

"पण मला काय हवंय तेच मला कळत नाहीये गं."

"तुम्हाला कळत नाही, एवढं मला कळतंय."

रघुवीरजींनी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती. शेवटी हताश होऊन त्यांनी अर्ज यशोधरापुढेच धरला. "भाभीजी, आता आपणच सांगा. यांचं काय लिहू?"

तिने अर्ज घेतला नाही. रघुवीरजींच्या हातातली लेखणी तेवढी घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"त्यांचं त्यांना लिहू दे," ती म्हणाली. "लेखक आहेत ना."